बायांची बोळवण

बाजूला सरक थोडा, ऊन येतंय तुझ्यावर. हां, बस आता. लाहूचं नाव निघालं आणि तू तोंड वाकडं केलंस, ते बघितलं मी. तुला काय सांगितलं असेल ते पण ठाऊक आहे. बायकोच्या गोळ्या आणल्या नाय, बायको मेली, असला तो माणूस. होय ना? मग आता माझ्याकडून ऐक. गोष्ट लांब नाय. फक्त मधे बोलू नको, नायतर माझा धागा सुटतो.

तर लाहू तेव्हा चिकूच्या झाडावर होता. घोलवडला, नविनशेठच्या वाडीत. एक पाय शिडीवर, एक फांदीच्या बेचक्यात, आणि हातात ती जाळीची लांब काठी. फळ जाळीत धरायचं, हलका झटका द्यायचा. देठाशी तुटलं पाहिजे, खरचटलं की गेलं. खाली मिथुन फळं क्रेटमध्ये भरत होता आणि वर बघून शिव्या देत होता, का की लाहूनं एक चिकू त्याच्या टाळक्यावर पाडलेला.

"ए माकडा, माझं डोकं पिकलंय काय, त्यावर पाडतोस ते?"

"पिकलं असतं तर शेठनं कधीच पेटीत भरून मुंबईला धाडलं असतं."

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. हात सगळे चिकानं भरलेले, फोन धरवेना. कसाबसा खांद्यात दाबला. आईचा फोन. काळी फोनवर नेहमी ओरडायची. पाड्यावरून घोलवडपर्यंत आवाज पोचवायचा म्हणजे ओरडायलाच पाहिजे, असा तिचा हिशोब. त्या दिवशी मात्र हळू बोलली.

"लाहू, आपल्या घरी बाया आल्या रे. तुळशीच्या अंगावर."

लाहूनं पोरीचं काही विचारलं नाय. पहिलं विचारलं, "जयश्री कुठाय?"

"पोरीला मांडीवर घेऊन बसलीय. अजून कुठं असणार?"

"तिला बाहेर काढ."

"काय?"

"आई, तिला घरातनं बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता. मी निघालो."

शिडी सोडून त्यानं सरळ उडी मारली. काठी वर फांदीतच लटकत राहिली. मिथुननं त्याचं तोंड बघितलं. पिकअपची चावी घेतली, अर्धे भरलेले क्रेट खाली उतरवले, आणि दार उघडलं.

बाया म्हणजे तू कांजिण्या म्हणशील. आमच्याकडं तसं नाव घेत नाय. पाहुण्या येतात, अंगावर फुलं उठवतात, चार दिवस राहतात, मग त्यांना मानानं शिवेपर्यंत पोचवायचं. त्या घरात असेपर्यंत फोडणी नाय, मटण-मच्छी नाय, केस विंचरायचे नाय, भांडायचं नाय. पाहुणीसमोर कोणी भांडतं का? बहुतेक पोरं त्यातनं बरी होतात. लाहू पण झालेला. त्याच्या नाकावरचा वण अजून बघ कधी.

पण जयश्रीची गोष्ट वेगळी होती. तिचं दुखणं आधी हातांच्या सांध्यांतून आलं. लावणीच्या दिवसांत चिखलातून रोप उपटायला बोटं वळेनात. मग ताप. मग केसांचे पुंजके फणीत. उन्हात गेली की दोन्ही गालांवर लाल पट्टे उठायचे, नाकावरून एकमेकांना जोडलेले. पाड्यावर कोणी म्हणालं नजर, कोणी म्हणालं बाहेरचं. लाहू तिला घेऊन तलासरी झाला, डहाणू झाला, शेवटी सेलवासला मोठ्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं आणि नाव सांगितलं. ल्युपस.

काळी बोलली, "रोगाला नाव तरी धड ठेवायचं. शिवी दिल्यासारखं वाटतं."

डॉक्टरीणबाई हसली. गुजराती बाई, पण मराठी बोलायची, हळू आणि सोपं. तिनं सांगितलं ते लाहूच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखं बसलं. ती बोलली, "घरात राखण करायला कुत्रा असतो ना, तसा अंगात पण असतो. तुझ्या बायकोचा कुत्रा पिसाळलाय. चोराला सोडून घरच्यांनाच चावतो. या गोळ्या म्हणजे त्याची साखळी. साखळी घातली की तो चावत नाय. पण साखळीतल्या कुत्र्याला चोर पण धरता येत नाय. म्हणून चोर घरात येऊच द्यायचा नाय. कोणाला ताप, खोकला, अंगावर फोड, त्याच्यापासून लांब. आणि ही बारकी पांढरी गोळी आहे ना, ही एकदम बंद केली तर माणूस कोसळतो. एक दिवस पण चुकवायची नाय. समजलं?"

"समजलं," लाहू बोलला. आणि समजलंच होतं त्याला. ते ध्यानात ठेव.

गोळ्यांनी जयश्री उठून कामाला लागली. पण तोंड सुजून गोल झालं. आरशात बघायची आणि म्हणायची, "आई, तुझा पोरगा नशिबाचा. एक बायको आणली, तिच्या दोन झाल्या."

काळी भाकर थापता थापता बोलायची, "दोन कुठल्या? डांगर आणलं होतं, ते पिकलं."

"डांगराची भाजी तूच खातेस ना सगळ्यांच्या आधी?"

"खाते. आणि बिया पण चोखते. जा, गोळी घे."

अशा होत्या दोघी सासूसुना. भांडण म्हणून नाय, आणि गप म्हणून पण नाय.

मिथुनची पिकअप पाड्यावर पोचली तेव्हा दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधलेला. जयश्री अंगणात आंब्याच्या सावलीला उभी होती, पदर तोंडाला लावून. आतून तुळशी रडत होती. शाळेत नुकतीच घातलेली पोरगी, तिला काय कळणार? आयसनं मांडीवरून उतरवलं आणि बाहेर निघून गेली, एवढंच कळलं.

"पोरीलाच दुसरीकडं ठेवू," लाहू बोलला. "जयश्री घरात राहील."

काळीनं कानावर हात ठेवले. "आलेल्या बायांना उंबऱ्याबाहेर काढतोस? बोळवणीच्या आधी? तुला येड लागलंय काय?"

लाहू उंबऱ्यातच थांबला. त्याला पण आतून भीती होतीच. लहानपणापासून ऐकलेलं असं एका दवाखान्यानं पुसलं जात नाय. मग ठरलं असं, की जयश्री अंगणापलीकडं सुनिताच्या घरी राहील. सुनिता म्हणजे नात्यानं जाऊ, मनानं चांगली, तोंडानं तिखट.

दुसऱ्या दिवशी लाहू जयश्रीला घेऊन सेलवासला गेला. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "लहानपणी झाल्या होत्या का हिला?"

जयश्रीनं मान हलवली. ठाऊक नव्हतं. तिचे आयस-बापूस ती लहान असतानाच गेलेले. भाऊ चिमण तर तिच्याहून लहान. सांगणार कोण?

"मग झाल्या नव्हत्या असंच धरू," बाई बोलली. तिनं जुन्या गोळ्या चालू ठेवायला सांगून आणखी मोठ्या मोठ्या गोळ्या दिल्या, दिवसातून पुष्कळ वेळा घ्यायच्या. "या नव्या गोळ्या चोराला दारातच अडवायला. पण पोरीला तू कालपर्यंत मांडीवर घेतलंस, म्हणजे तो आत शिरला पण असेल. म्हणून सांगते, पोरीजवळ जायचं नाय. बारकी गोळी सोडायची नाय. ताप आला, एक जरी फोड दिसला, त्याच पावली इकडं. पोरीची काळजी नको, पोरं बरी होतात. ताप लय वाढला तर तिला पण आण."

परत येताना एसटीत जयश्री खिडकीला डोकं टेकून बसली होती. उधवा आल्यावर बोलली, "ती बोलली पोरं बरी होतात. सगळी होतात का रे?"

"होतात," लाहू बोलला.

"तू बघितलीस सगळी?"

लाहूनं तिचा हात धरला आणि सोडला. एसटीत माणसं होती.

मग ते दिवस सुरू झाले. सुनिताच्या ओटीवर जयश्री बसायची. समोर त्यांच्याच घराचा कूड, कारवीच्या काड्यांची भिंत. त्या कुडाच्या फटीतून तुळशी एक बोट बाहेर काढायची.

"आये, माझं बोट दिसतं?"

"दिसतं."

"कुठलं बोट?"

"करंगळी."

"नाय, हे बाजूचं. तुला दिसतच नाय. तू ये ना जवळ."

जयश्री मग आत निघून जायची. आत जाऊन काय करायची, ते सुनितानं कोणाला सांगितलं नाय.

ताप उतरेना. पोरीच्या पापणीवर फोड आला, डोळा मिटला. तोंडात आले, पेज गिळेना. लाहू बोलला दवाखान्यात नेतो. काळी बोलली, "पाहुण्या घरात असताना उंबरा ओलांडायचा नाय. आजचा दिवस थांब." लाहू आजचा दिवस थांबला. मग काळीनं शुक्राला बोलावलं. शुक्रा म्हणजे पाड्याचा भगत, म्हातारा, डोळ्यांत पडदा आलेला, पण आवाज खणखणीत. तो उंबऱ्याच्या आत बसला, पोरीच्या कपाळाला हात लावला, पाटावर बाया म्हणून मांडलेल्या सुपाऱ्यांपुढं तांदूळ टाकले.

"बाया तापल्यात," तो बोलला. "दारात दवाचा वास नको. बायांना दवा आवडत नाय. दवा घेणं म्हणजे पाहुणीला, जा बये, म्हणण्यासारखं." मग इकडं तिकडं बघून बोलला, "आणि पोरीची आयस कुठाय?"

काळीनं सगळं सांगितलं. दुखणं, डॉक्टरीणबाई, कुत्रा, साखळी.

"मग लांबच राहू दे तिला," म्हातारा बोलला. "तिचं तिच्या दवाखान्यानं करू दे. बाया समजून घेतात. मी पोरीच्या दवाचं बोललो."

अंगण केवढं ते? सगळं पलीकडं ऐकू गेलं. पहिलं पण, शेवटचं पण. जयश्री ओटीवर उभी होती. लाहूनं बघितलं, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

सुनिता तांदूळ निवडता निवडता बोलून गेली, "आयस गोळ्या खाऊन बसलीय इथं, आणि पोरगी तिथं भाजतेय. कोणाचं बघायचं बायांनी तरी?"

"वहिनी," लाहू बोलला.

"मी काय वाईट बोलले? जीव तुटतो म्हणून बोलले."

तिचा जीव तुटत होताच. खोटं नाय.

दुसऱ्या दिवसापासून जयश्रीनं एक गोष्ट सुरू केली. रोज सकाळी पळसाच्या पानात मूठभर तांदूळ, एखादं फूल, चिमूटभर कुंकू, अशी पुडी बांधायची आणि सुनिताच्या हातानं पाठवायची. आयसच्या हातचं बायांना. काळीला बरं वाटलं. ती पुडी तशीच पाटावर बायांपुढं ठेवायची. बांधलेली पुडी सोडून बघत नाय. देवाला दिलेल्यात डोकावलं की दिलेलं उष्टं होतं.

लाहू संध्याकाळी वाडीवरून आला की आधी सुनिताच्या ओटीवर जायचा.

"गोळ्या घेतल्यास?"

जयश्री गोळ्यांची पन्नी पुढं करायची. रिकामी. बारक्या गोळीची पण, मोठ्या गोळ्यांची पण. लाहू पन्नी उलटीसुलटी करून उजेडात धरायचा, फोडलेल्या खळग्यांवरून अंगठा फिरवायचा, आणि मग घरात पोरीकडं जायचा. एक दिवस चुकला नाय तो. यापेक्षा माणसानं काय बघायचं, सांग.

आणि पोरीचा ताप उतरला.

उतरायचाच होता, डॉक्टरीणबाई बोललीच होती. पण पुडी सुरू झाल्यावर उतरला. तुळशीनं पेज मागितली. डोळा उघडला. कुडाच्या फटीतून ओरडली, "आये, आज दोन डोळ्यांनी दिसतेस!" काळी भिंतीला टेकून रडली, आणि ओटीवर जयश्री हसली. लाहूला ते हसू चांगलं आठवतं, का की त्याच संध्याकाळी ती पहिल्यांदा ओकली.

"मोठ्या गोळ्यांनी होतं," ती बोलली. "पोटात गरम पडतात."

मग ती दिवसभर पडून राहायला लागली. उठली की भिंत धरायची. तोंडाची सूज उतरत होती. सुनिता बोलली, "बघ, डांगराचा पुन्हा माणूस झाला." लाहूला ते बरं लक्षण वाटलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, की ती सूज गोळीची होती आणि गोळी गेली की सूज जाते.

तरी तो बोलला, "उद्या सेलवासला जाऊ."

"उद्या बोळवण आहे ना?" जयश्री बोलली. "तू बापूस आहेस, टोपली तुलाच न्यायची. बाया एकदा सुखानं गेल्या की जाऊ. मी काय पळतेय?"

लाहू थांबला. तेवढंच चुकलं त्याचं, जर त्याला चूक म्हणायचं असेल तर.

सकाळी काळीनं तुळशीला कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घातली. टोपलीत नारळ ठेवला, हिरव्या बांगड्या, दहीभात, आणि पाटावरच्या सगळ्या पुड्या. लाहूनं टोपली डोक्यावर घेतली. पुढं शुक्रा, हातात लिंबाचा डहाळा. शिवेपर्यंत बोलायचं नाय, आणि ठेवून आलं की मागं वळून बघायचं नाय. तुळशी दारात उभी होती, अंगभर खपल्या, आणि दोन्ही हात जोडलेले. तिला आजीनं तसं शिकवलेलं.

शिवेवर मोहाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी लाहूनं टोपली उतरवली, नमस्कार केला. पाड्यावरची एक बकरी मागं मागं आलेली. दोघं वळणार तेवढ्यात तिनं टोपलीत तोंड घातलं. लाहूनं हाकललं. बकरीच्या तोंडाबरोबर एक पान ओढलं गेलं, पुडी सुटली, तांदूळ सांडले.

तांदळांत गोळी होती. बारकी, पांढरी. कुंकू लागून एका बाजूनं लाल झालेली. आणि तिच्या बाजूला मोठ्या गोळ्या.

लाहू खाली बसला. त्यानं दुसरी पुडी सोडली.

"हात नको घालू रे," शुक्रा बोलला. "दिलेलं परत घेत नाय."

लाहूनं तिसरी सोडली. सगळ्या सोडल्या. काही गोळ्या दहीभाताच्या ओलाव्यानं फुगून मऊ झालेल्या. त्यानं बारक्या तेवढ्या वेचल्या, सदऱ्याला पुसल्या, आणि तळहात म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला. पडदा आलेल्या डोळ्यांना दिसायला वेळ लागला. मग शुक्रा मोहाच्या मुळीवर बसला.

"मी तिला नव्हतं रे सांगितलं," तो बोलला. "लाहू, मी पोरीच्या दवाचं बोललेलो."

"ठाऊक आहे."

"ऐकलं होतं ना तिनं? शेवटचं ऐकलं होतं ना?"

उत्तराला लाहू तिथं होता कुठं? तो पळत सुटला होता.

सुनिताच्या घरात जयश्री जमिनीवर पडली होती. अंग गार, घामानं ओलं. सुनिता तिचे तळवे चोळत होती. लाहूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि मुठीतली एक गोळी तिच्या ओठांत सारायला लागला. गोळीचं पीठ झालेलं. ओठांवर पांढरं आणि लाल लागलं, आत काही गेलं नाय.

"पाणी आण," तो सुनितावर ओरडला. ती धावली. तेवढ्यात जयश्रीनं डोळे उघडले. तिनं त्याची मूठ बघितली.

"उघडलीस?" ती बोलली.

"का केलंस?"

"उतरला ना ताप?"

त्यानं तिच्या ओठांवरचं पीठ पुसलं.

"तुळशीला नको कळू देऊ," ती बोलली. मग सुनिता पाणी घेऊन आली.

मिथुनच्या पिकअपमध्ये, जिथं चिकूचे क्रेट ठेवतात तिथं गोधडी टाकून तिला नेली. काळी डोक्याशी बसली होती, पोरीला सुनिताकडं सोडून. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं नाडी धरली, डोळे बघितले, सुई लावायला सांगितली. मग वळून विचारलं, "बारकी गोळी बंद होती?"

लाहूनं मूठ खिशात घातली.

"मला कळायला पाहिजे. बंद होती का?"

"होती," लाहू बोलला.

"कधीपासून?"

त्यानं सांगितलं.

"कोणी बंद केली?" बाईचा आवाज चढला. "एवढं समजावलं होतं. कोणी बंद केली?"

खाटेवर जयश्री छताकडं बघत होती. सुई लावलेला हात खाटेच्या कडेला होता, त्याची बोटं हलली. काळी सुनेकडं बघत होती, मग पोराकडं बघायला लागली.

"गोळ्या संपल्या होत्या," लाहू बोलला. "मी आणल्या नाय."

"का?"

"विसरलो."

डॉक्टरीणबाई त्याला खूप बोलली. चांगली बाई होती, म्हणून बोलली. लाहू खाली बघून ऐकत होता. काळी पुढं आली आणि तिनं तिथंच, सगळ्यांसमोर, एवढ्या मोठ्या पोराच्या थोबाडीत मारली. जयश्रीनं डोळे मिटून घेतले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात गेलं. ते पुसायला हात कोणाचा गेला? लाहूचाच.

सुईनं ती सावरली. दोन घास खाल्ले, पोरीचं विचारलं. लाहूला वाटलं, सुटलो. आणि मग तिच्या छातीवर पहिला फोड दिसला. बाया पोरीच्या अंगावर आल्या तशा आल्याच नाय तिच्या अंगावर. एकदम, सगळीकडं, आतून फुप्फुसात पण. डॉक्टरीणबाईनं जे होतं ते सगळं केलं. नळ्या लावल्या, वलसाडला फोन केला, स्वतः बसून राहिली. श्वास एवढा जोरात चालायचा, की लाहू बाहेरच्या बाकावर बसून पण ऐकायचा. नंतर ऐकू येईना.

पाड्यावर तिला आणली तेव्हा तुळशी अंगणात खेळत होती. खपल्या पडून गेल्या होत्या.

पुढचं तुला ठाऊक आहे. पाड्यावर गोष्ट लपत नाय, पण खोटी गोष्ट तर आणखी लवकर पसरते. काळीनं रडता रडता नातीला सांगितलं, तुझ्या बापसानं गोळ्या आणल्या नाय. सुनितानं रिकाम्या पन्न्या बघितल्या होत्या. तिनं एकदा लाहूला विचारलं पण, "भाऊजी, पन्न्या तर होत्या ना?" लाहू बोलला, "जुन्या होत्या त्या." खरं त्यानं एकट्या मला सांगितलं. शुक्रा गप राहिला आणि गप मेला. जयश्री गेल्यावर मरेपर्यंत त्यानं कोणाच्या बाया बघितल्या नाय. बोलवायला माणूस गेला की सांगायचा, आधी दवाखान्यात जा, मग माझ्याकडं या.

तुळशीला चिमणमामा उधव्याला घेऊन गेला. आता मोठी झालीय, आयसच्या उंचीची. लाहू बाजाराच्या दिवशी उधव्याला जातो. घ्यायचं काही नसतं. लांब एका दुकानाच्या सावलीत उभा राहतो, ती येते, भाजी घेते, जाते. मागच्या साली तिनं त्याला बघितलं. सरळ समोर आली.

"काय बघतोस?" ती बोलली. भर बाजारात. "आयेला मारलीस, आता मला बघायला येतोस?"

लोक थांबले. लाहूचे हात पिशवीवर होते. तोंड उघडलं त्यानं. मी बाजूलाच उभा होतो, मला वाटलं आता बोलतो, आता तरी बोलेल.

"तब्येत बरी आहे ना तुझी?" तो बोलला.

पोरगी थुंकली आणि निघून गेली. लाहू परत निघाला. रस्त्यात मला बोलला, "रंग बघितलास तिचा? निरोगी आहे."

तू उद्या चिमणकडं जमिनीच्या कामानं जाणार, मला कळलंय. पाणी ती पोरगीच आणून देईल. तू आमच्या पाड्यावरून आलास कळलं की बापसाचं काढेल, काढल्याशिवाय राहत नाय. तेव्हा एवढं कर माझं. मान खाली घालून ऐक, होय म्हण, माणूस नालायकच होता म्हण. आणि तिनं दिलेलं पाणी पिऊन गपचूप उठ.